सोन्नी आणि टिंब

कंपोझर म्हणजे आपणच, असा आमचा समज.
मी मराठी केसवर, रुद्राप्पा कानडी केसवर,
मध्ये ट्रेडल आणि चहाची किटली.
कडोलकर गल्लीत आणखी कोण कंपोझर?

इझिदोर मास्तर कॅम्पातून सायकलवर आले,
पँटच्या पायाला क्लिप तशीच.
म्हणाले, चर्चच्या कॉयरमधल्या पोरांसाठी आठ पानं हवीत,
जुन्या कंपोझरांची.
रुद्राप्पानं विचारलं, कुठल्या प्रेसमधले ओ?

मास्तर हसले नाहीत. स्टूल ओढून सांगत बसले.
पॅलेस्ट्रीना:
चार गळे चार वाटांनी सोडतो,
आणि चौघे एकाच उंबऱ्यावर भेटतात.
विवाल्दी, लाल केसांचा पाद्री.
बाख: पोरवयात थोरल्या भावाची वही
चांदण्यात उतरवून काढली म्हणतात.
म्हातारपणी डोळे गेले.
डोळे कशानं जातात ते आम्हास्नी विचारा की,
रुद्राप्पा म्हणाला,
आणि आठ पॉइंटचा खिळा बल्बकडे धरला.

शब्द पटापट जुळले.
शार्प म्हणजे तीव्र, फ्लॅट म्हणजे कोमल.
अगदी तसं नव्हे, मास्तर म्हणाले, पण चालवू.
टेम्पो, लय.
रेस्ट म्हणजे गप्प राहणं, पण मोजून.
हार्मनीला काय लावावं?
मी ‘संवाद’ सुचवलं, रुद्राप्पानं ‘संसार’.
मास्तरांनी हार्मनीच ठेवलं.

अडलं ते सुरांपाशी.
पाच रेघा निघाल्या, लग्नपत्रिकेच्या चौकटीच्या पितळी पट्ट्या.
पण त्यांवर बसवायचं काय?
खिळ्यांच्या डब्यात ना सूर, ना सुराची शेपटी.
मी अनुस्वार काढला.
भरीव, काळा, राईएवढा.
हा पाव मात्रेचा, मास्तर ओरडलेच,
त्याला काना लावा, उभा राहील!
मग पूर्ण सुराला पोकळ गोल पाहिजे होता.
रुद्राप्पा काही न बोलता आत गेला
आणि मूठभर सोन्नी घेऊन आला.
कानडीत अनुस्वार पोकळ असतो,
हे मी बावीस वर्षं शेजारी बसून बघत होतो.
बघत होतो म्हणजे, नव्हतो.

शिंदोळीच्या एका लग्नाची कानडी पत्रिका
त्या पायी दोन दिवस थांबली.
नवरीचा मामा येऊन बोलून गेला.

कागद दोनदा फिरवावा लागला,
आधी रेघा, मग सूर.
केसभर सरकला की ‘ग’ चा ‘म’ व्हायचा.
पहिलं प्रूफ उलटंच आलं:
खिळे उलटे वाचायची आमची सवय,
त्या दिवशी नेमके सुलटे लावलेले.
मास्तरांनी ते उलटं प्रूफच गुणगुणून पाहिलं,
म्हणाले, ठेवा हो एक प्रत मला.

तिसऱ्या दिवशी बंद.
कशाचा होता आता आठवत नाही,
पाट्यांचाच असणार.
शटर अर्धं खाली ओढून
आम्ही शेवटच्या पानावर वाकलेलो.
बाहेर दोन भाषांत घोषणा.
एक सूर दोन घरांत पसरलेला होता,
मध्ये उभी रेघ.
मी म्हटलं, मास्तर, रेघ आली, इथं तोडू?
तोडायचा नाही, ते म्हणाले,
रेघ मोजण्यापुरती असते. धरून ठेवायचा.
धरायला लागतो बाक.
बाक कुठला आणायचा?
मी एक कंस काढला आणि आडवा निजवला.

कार्यक्रमाला आम्ही मागच्या बाकावर,
धुतलेल्या हातांनी,
तरी नखांत शाई होतीच.
पोरं गायली. कुठली भाषा, कळलं नाही,
मला नाही, रुद्राप्पाला नाही,
पोरांनाही नसावी.
मग सगळ्यांनी मिळून एक सूर लांबवला,
लांबवला, लांबवतच नेला.
रुद्राप्पानं कोपरानं डिवचलं.
कानाशी हळूच म्हणाला,
सोन्नी आली बघा. आमची.
मी बोटं मोडून मात्रा मोजत होतो,
त्याला मानेनंच गप्प राहा म्हटलं.